जपानचा लांबलेला पाळणा

दुसरे महायुद्ध संपले, परमुलखात गेलेले लक्षावधी जपानी सैनिक व नागरिक मायदेशी परतले आणि जपानमध्ये बालकांची जणू लाट उसळली. १९४९ या एका वर्षात तेथे सुमारे २७ लाख मुले जन्मास आली. २०२४ साली हीच संख्या ६ लाख ८६ हजारांवर येऊन ठेपली. पंचाहत्तर वर्षांत जन्मांचे प्रमाण जेमतेम एकचतुर्थांश उरले. या काळात देश दरिद्री झाला नाही. उलट जगातील सधन राष्ट्रांच्या पंक्तीत जाऊन बसला. मग तेथील पाळणे रिकामे का पडले?

लोकसंख्याशास्त्रात या प्रश्नाचा विचार ‘एकूण जननदर’ या मापाने केला जातो. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, हे तो दर्शवितो. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ च्या आसपास असावा लागतो. जपानमध्ये १९४७ साली तो ४.५ होता, २०२४ साली तो १.१५ झाला.

पहिली घट

ही घट दोन टप्प्यांत झाली असून दोहोंची कारणे भिन्न आहेत. पहिला टप्पा युद्धोत्तर टंचाईचा. १९४८ च्या कायद्याने गर्भपातास मर्यादित मान्यता मिळाली व पुढील वर्षी आर्थिक अडचण हेही त्याचे एक कारण मानले गेले. संततिनियमनाचा प्रसार झाला. याच कायद्याखाली अनेक अपंग व्यक्तींवर सक्तीने शस्त्रक्रिया झाल्या, ही त्याची काळी बाजू होय. अवघ्या दहा वर्षांत जननदर दोनवर आला आणि १९७४ पर्यंत बहुतेक त्याच पातळीवर राहिला. दोन मुलांचे कुटुंब ही रीतच पडून गेली.

अपवाद ठरले ते १९६६ हे वर्ष. दर साठ वर्षांनी येणाऱ्या ‘अग्नी-अश्व’ वर्षात जन्मलेली मुलगी पतीला घातक ठरते, अशी आपल्याकडील मंगळासारखीच एक समजूत तेथे आहे. त्यामुळे त्या वर्षी अनेक जोडप्यांनी मूल होऊ दिले नाही व जननदर १.५८ पर्यंत घसरला. पुढच्याच वर्षी तो पूर्ववत झाला. परंतु १९८९ साली कोणतीही अशुभ समजूत आड येत नसता तो १.५७ झाला, तेव्हा राष्ट्र हादरले. ‘१.५७ चा धक्का’ या नावानेच ती घटना तेथे ओळखली जाते.

विवाहच लांबले

हा दुसरा टप्पा समजून घेताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जपानमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण सुमारे दोन टक्के एवढेच आहे. साहजिकच, जेथे विवाह नाही तेथे बहुधा मूलही नाही. १९७५ साली स्त्रीच्या प्रथम विवाहाचे सरासरी वय २४.७ वर्षे होते. २०२३ मध्ये ते २९.७ झाले. वयाच्या पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेल्या पुरुषांचे प्रमाण १९७० साली दोन टक्क्यांहूनही कमी होते. २०२० साली ते २८ टक्के झाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे १८ टक्के आहे. याउलट, दीर्घकाळ संसार केलेल्या जोडप्यांना आजही सरासरी १.९ मुले असतात. म्हणजे जपानी दांपत्यांनी मुले नाकारली, असे म्हणणे पूर्णांशाने खरे नाही. संसार थाटणारेच कमी झाले आहेत.

याची कारणे अनेक आहेत. पूर्वी मध्यस्थ स्थळे सुचवीत व वडीलधारी मंडळी विवाह जुळवीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांची संख्या त्याहून अधिक झाली. जुनी व्यवस्था मागे पडली. पण दिवसभर कामात गुंतलेल्या तरुणांना जोडीदार शोधण्यास सवड उरली नाही.

दुसरे कारण नोकरीचे. एकदा लागलेली नोकरी निवृत्तीपर्यंत टिकते, हा जपानी कुटुंबाचा मोठा आधार होता. १९९० नंतर जमिनीच्या व समभागांच्या भडकलेल्या किमती कोसळल्या आणि कंपन्यांनी कायम भरतीत हात आखडता घेतला. १९७१ ते १९७४ या काळात जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्याच सुमारास शिक्षण संपवून बाहेर पडत होती. अनेकांच्या वाट्याला तात्पुरती, कमी वेतनाची कामे आली व त्यांचे विवाह लांबले किंवा राहूनच गेले. त्यांच्या मुलांची जी तिसरी लाट अपेक्षित होती, ती आलीच नाही.

तिसरे कारण घरातील श्रमविभागणीचे. १९८५ साली समान रोजगार संधीचा कायदा झाला व सुशिक्षित स्त्रियांना नोकरीची दारे उघडली; परंतु घरातील रीत बदलली नाही. २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार, सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात पत्नी घरकाम व संगोपनात दररोज सुमारे साडेसात तास घालविते. पती दोन तासांहूनही कमी. नोकरी की मूल, अशी निवड करण्याची पाळी स्त्रीवरच येते.

यात खर्चाची भर पडते. महानगरांतील लहान, महाग घरे, खाजगी शिकवण्या आणि उच्च शिक्षणाचे शुल्क यांमुळे हवी तेवढी मुले होऊ देता येत नाहीत, असे जोडपी सांगतात. टोकिओमध्ये २०२४ साली जननदर एकाहूनही खाली, ०.९६ होता.

उपाय आणि मर्यादा

शासन स्वस्थ बसले होते असे नाही. संगोपन रजेचा कायदा १९९१ मध्ये झाला. १९९४ मध्ये पाळणाघरे वाढविण्याची योजना आली. २०२३ मध्ये बालक व कुटुंब यांसाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा स्थापन झाली. २००५ मधील १.२६ हा जननदर २०१५ पर्यंत १.४५ झाला, पण पुन्हा उतरला. शिवाय, आधीच्या पिढीत मुली कमी जन्मल्याने आज माता होऊ शकणाऱ्या स्त्रियांची संख्याच घटली आहे. उशिरा केलेल्या उपायांस ही मोठी मर्यादा होय.

तथापि ओकायामा प्रांतातील नागी या सुमारे सहा हजार वस्तीच्या गावाने वेगळी वाट दाखविली. मुलांना विनामूल्य वैद्यकीय उपचार, स्वस्त घरे, मातांना सोयीच्या वेळी थोड्या तासांचे काम आणि संगोपनात गावातील वृद्धांचा हातभार, अशी व्यवस्था तेथे वर्षानुवर्षे चालली. २०१९ साली या गावाचा जननदर २.९५ वर पोहोचला. लहान गावातील आकडे वर्षागणिक बरेच खालीवर होतात, हे खरे. तरीही आधार मिळाल्यास जोडपी मुलांना नको म्हणत नाहीत, एवढे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राचाही जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता. ‘पाळणा लांबवा’ हा संदेश येथे घरोघर पोहोचला व तो योग्यच होता. मात्र पाळणा लांबविणे हा दांपत्याचा निर्णय असणे वेगळे, आणि परिस्थितीने तो लांबत जाणे वेगळे. जपानमध्ये पहिली गोष्ट दुसरीत केव्हा बदलली, हे कळावयास फार उशीर झाला.