पाठ्यपुस्तक नसलेला वर्ग

जूनमध्ये शेजारची मुलं नवी दप्तरं, नवे रेनकोट घेऊन शाळेला निघतात, तेव्हा मी घरीच असते. आमचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. 'मजा आहे बुवा तुमची!' असं कुणी म्हणालं की मी हसते आणि म्हणते, मुलं यायच्या आधीच्या आठवड्यात एकदा आमच्या शाळेत चक्कर टाका.

पूर्वी मी मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवायचे. बालभारतीची पुस्तकं हातात पडली की वर्षाची वाट आखलेली असे. आता पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत त्याच वयाच्या मुलांना शिकवते, पण पाठ्यपुस्तकाशिवाय. आमची शाळा आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची. बालभारती स्थापन झाली १९६७ साली आणि आयबी १९६८ साली, जिनिव्हात. राज्यातल्या मुलांना चांगली पुस्तकं रास्त किमतीत मिळावीत म्हणून बालभारती आली. आईवडिलांच्या बदल्यांमुळे देशोदेशी फिरणाऱ्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल अशी परीक्षा हवी होती, त्यातून आयबी आली. लहान मुलांसाठीचा तिचा अभ्यासक्रम, पीवायपी, सुरू झाला तो थेट १९९७ मध्ये.

पीवायपीत सहा व्यापक सूत्रं ठरलेली असतात. 'आपण कोण आहोत', 'जग कसं चालतं', 'पृथ्वी वाटून घेताना' अशी. प्रत्येक सूत्राखाली एक घटक. पण त्या घटकात नेमकं काय घ्यायचं आणि ते कशातून शिकवायचं, हे आम्ही शिक्षकांनी मिळून लिहायचं. या लिखाणाला शाळेत 'प्लॅनर' म्हणतात आणि मुलं यायच्या आधीचा आठवडा त्यातच जातो.

यंदा आमचा पहिला घटक पाण्याचा. ऑगस्टमध्ये पुण्यात पाणी शोधायला लांब जावं लागत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी; एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. साठ्याचे आकडे वर्तमानपत्रात येतात, त्यावरून दशांश अपूर्णांक आणि आलेख होतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याबद्दल घरातल्या आजी-आजोबांना विचारायचं, तो झाला इतिहास. सोसायटीच्या वॉचमनकाकांना टँकर कधी मागवता, असं विचारून लिहून आणायचं, ती झाली भाषा. हे सगळं कागदावर एकमेकांत बसेपर्यंत आमची भरपूर वादावादी होते.

मुलं आली तरी लगेच पाणी सुरू होत नाही. आधी वर्गाचे नियम ठरतात आणि ते मुलंच ठरवतात. दरवर्षी काहीजण दुसऱ्या देशातून आलेले असतात, काहींचे जिवलग मित्र दुसऱ्या देशात निघून गेलेले असतात. यंदा सोलहून आलेल्या मुलीला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिनं चित्र काढलं: एक मुलगा बोलतोय, बाकीच्यांची तोंडं बंद. त्यावरून नियम झाला, 'बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं.' खाली सगळ्यांच्या सह्या, माझीसुद्धा.

पालकसभेत मात्र प्रश्न ठरलेला. ''मॅडम, पुस्तकच नाही, तर घरी अभ्यास कसला घ्यायचा?'' मी म्हणते, ''आज तुमची पाण्याची बादली किती वेळात भरते, ते त्याला मोजू द्या. सकाळी आणि संध्याकाळी. फरक पडला तर का, ते तुम्ही सांगू नका.''

साठ मुलांच्या वर्गात हे सगळं जमलं असतं? नाही. आमच्या वर्गात पंचवीसच्या आत मुलं असतात आणि त्याची फी बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मी विसरत नाही. पाण्याच्या घटकाची तयारी करताना बालभारतीचं परिसर अभ्यासाचं पुस्तकही माझ्या टेबलावर उघडं असतं. जलचक्र इतक्या सोप्या मराठीत मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

तरीही अशा शाळेत मुलाला घालायचा विचार असेल, तर पोहण्याचा तलाव आणि एसी वर्ग मागाहून बघा. आधी विचारा, शिक्षकांना नियोजनाला वेळ किती मिळतो आणि ते इथे किती वर्षं टिकतात. पुस्तक नसलेल्या वर्गात मुलाचं वर्ष या दोनच गोष्टींवर उभं असतं.