पायरी निवडताना : प्रादेशिक विमान कंपनीतली पहिली नोकरी

मागच्या व्याख्यानात आपण साधन आणि साध्य यांच्यातला फरक पाहिला. त्यानंतर न्यू जर्सीतल्या एका आईंचा प्रश्न आला. मुलगा तिथलाच, वैमानिक झालेला, 1500 तासांचं उड्डाण जमत आलेलं. दोन प्रादेशिक विमान कंपन्यांचं, तिकडच्या बोलीत 'रीजनल'चं, बोलावणं आहे. तो म्हणतो, ''आई, ही काय कायमची नोकरी आहे? दोन-तीन वर्षं काढायची आणि मोठ्या कंपनीत जायचं. लवकर पुढे नेईल ती घ्यायची.'' आईंनी विचारलं आहे, हा विचार बरोबर आहे का?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. विमानात बसलो ते मागच्या खुर्चीत. पण प्रश्न निवडीचा आहे, म्हणून आधी ती व्यवस्था समजून घेऊ.

अमेरिकेत तुम्ही लहान गावाहून मोठ्या शहराला जाता, तेव्हा विमानावर 'अमेरिकन ईगल', 'युनायटेड एक्सप्रेस' किंवा 'डेल्टा कनेक्शन' असं लिहिलेलं असतं. विमान मात्र बहुतेक वेळा वेगळीच कंपनी चालवत असते : स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एंडेव्हर वगैरे. बहुतेक करारांत तिकीट मोठी कंपनी विकते, वेळापत्रक तीच ठरवते आणि फेऱ्यांचे पैसे छोट्या कंपनीला देते. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात मर्यादा घालून घेतली आहे, म्हणून ही विमानं साधारण 76 आसनांपर्यंतचीच असतात. म्हणजे ही छोटी कंपनी कितीही चांगली असली तरी तिचं भवितव्य दुसऱ्याच्या करारावर अवलंबून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता घाई कशाची? घाई क्रमांकाची. तिथे वैमानिकाची ज्येष्ठता वयावर किंवा कौशल्यावर नाही, त्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. कोणतं विमान, कोणतं शहर, दिवाळीला सुट्टी मिळणार की नाही, कॅप्टन कधी होणार, मंदी आली तर आधी कोण घरी बसणार, सगळं त्या क्रमांकावर. आणि कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा यादीच्या तळाशी. निवृत्ती 65 व्या वर्षी सक्तीची. म्हणून मोठ्या कंपनीत दोन वर्षं आधी पोचलेला माणूस भरतीच्या लाटेत शेकडो क्रमांक पुढे असतो आणि जन्मभर पुढेच राहतो. मुलाची घाई वेडेपणाची नाही, त्या व्यवस्थेत ती शहाणपणाचीच आहे. हे आपण आधी मान्य करू.

मग अडचण कुठे आहे? ती 'तास' या शब्दात आहे.

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारं एक प्रादेशिक विमान उतरण्यापूर्वी कोसळलं. विमानातले सगळे 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं होतं, विमान चालवत होती छोटी. चौकशीत निघालं ते असं : वेग कमी झाल्याची सूचना देत कंट्रोल कॉलम थरथरला, तेव्हा विमानाचं नाक खाली करायचं, तर कॅप्टनने ते वर ओढलं. सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून आली होती. तिच्या तुटपुंज्या पगाराची चर्चा देशभर झाली. दोघांच्याही कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, असं चौकशी मंडळाने म्हटलं.

यानंतर 2010 मध्ये कायदा आला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. विमानविद्येची पदवी किंवा लष्करी अनुभव असेल तर थोडी सवलत. त्याआधी 250 तासांच्या परवान्यावरही त्या खुर्चीत बसता येत असे. आता गंमत बघा, गंमत म्हणजे दुःखाचीच. त्या रात्रीच्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 पेक्षा कितीतरी जास्त तास होते. म्हणजे वहीतला आकडा आणि अंगात मुरलेला अनुभव या दोन वस्तू आहेत. आकडा मोजता येतो म्हणून आपण त्यालाच अनुभव समजतो. परीक्षेचे गुण आणि ज्ञान यांची हीच गफलत आम्ही वर्गात चाळीस वर्षं पाहिली.

दुसरी गोष्ट 2020 ची. साथ आली आणि ट्रान्स स्टेट्स, कंपास या प्रादेशिक कंपन्या बंद पडल्या. तिथले वैमानिक 'दोन वर्षं काढू' म्हणतच आले असतील. त्यांचा क्रमांक कंपनीबरोबर पुसला गेला. पुढे 2021-22 मध्ये भरतीची मोठी लाट आली, पगार भराभर वाढले. 2024 मध्ये वेग पुन्हा उतरला आणि पुष्कळ जण होते तिथेच थांबले. लाट आपल्या हातात नसते. म्हणजे ज्याला आपण पायरी म्हणतो, तिथे पाच-सात वर्षं उभं राहावं लागू शकतं.

म्हणून 'कोण लवकर पुढे नेईल' याच्या आधी एक प्रश्न विचारायचा : पुढे जाता आलंच नाही, तर इथे मी कसा वैमानिक होईन? त्यातून चार साधे प्रश्न निघतात.

पहिला, प्रत्यक्ष उड्डाण किती मिळेल? काही ठिकाणी नवा सहवैमानिक महिनोन्‌महिने राखीव म्हणून फोनची वाट बघत बसतो. कॅप्टन व्हायला विमान कंपनीतले साधारण 1000 तास लागतात. घरी बसून ते होत नाहीत.

दुसरा, राहणार कुठे? नेमणुकीच्या शहरात राहता येत असेल तर थोडे कमी पैसेही परवडतात. दुसऱ्या राज्यातून विमानाने कामावर जाणारा माणूस सुट्टी वाटेत खर्च करतो. नियम कामाआधी 10 तास विश्रांती देतो, झोप मात्र नियमाने लागत नाही.

तिसरा, बोनसच्या कागदावर काय लिहिलं आहे? किती वर्षं थांबायचं, आधी सोडलं तर किती परत करायचं? अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीएसए आणि पिडमाँट यांच्यातून मूळ कंपनीत जायची ठरलेली वाट आहे. ती चांगली, पण तिचा वेग मूळ कंपनीच्या भरतीवर अवलंबून. वाट आहे याचा अर्थ तारीख ठरली असा नाही.

चौथा आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा : 'मी आज थकलो आहे, उडवणार नाही' असं तिथल्या वैमानिकाला म्हणता येतं का? हे जाहिरातीत सापडत नाही. तिथे काम करणाऱ्या दोन-तीन जणांना चहाला बोलवून विचारावं लागतं.

अ‍ॅरिस्टॉटलने कृतींचे दोन प्रकार सांगितले. घर बांधणं ही अशी कृती की तिचं फळ तिच्या बाहेर असतं. घर झालं की बांधणं संपलं. नीट वागणं ही दुसरी, तिचं फळ तिच्यातच. मुलगा नोकरीकडे पहिल्या नजरेने पाहतो आहे आणि करिअर म्हणून ते ठीकच आहे. पण रोजचं उड्डाण दुसऱ्या प्रकारचं आहे. मागे बसलेल्या 76 माणसांच्या दृष्टीने ते विमान कुणाचीही पायरी नाही. त्यांचा तो एकच प्रवास आहे.

आपल्याकडच्या मुलांसाठी दोन शब्द. भारतात 200 तासांच्या व्यावसायिक परवान्यावर, विमानाचं खास प्रशिक्षण घेऊन, थेट एअरबसच्या सहवैमानिकाची खुर्ची मिळू शकते, तेव्हा ही शिडी इथे जशीच्या तशी लावू नका. आणि अमेरिकेत फक्त शिकायला जाणाऱ्याने तिथे नोकरी करायचा हक्क आपल्याला आहे का, हे फी भरण्याआधी पाहावं.

त्या आईंना आमचं उत्तर असं. मुलाला घाई करू द्या, ती त्या व्यवस्थेची आहे. फक्त दोन कंपन्यांपैकी जिथे तो पाच वर्षं अडकला तरी चांगला वैमानिक होईल, ती त्याने घ्यावी. दोन्ही तशा असतील, तर मग खुशाल लवकर पुढे नेणारी घ्यावी.

इथे थांबू. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.