खिशातलं कार्ड चोराला वाचता येतं का?

गर्दीत एक माणूस स्वाइप मशीन घेऊन फिरतोय. कुणाच्या तरी मागच्या खिशाला तो ते हळूच टेकवतो आणि टिंग! पैसे गायब! असा एखादा व्हिडिओ तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हाना येऊन गेला असेल. घाबरायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी त्या कार्डाच्या पोटात शिरू या.

ज्या कार्डावर चार वाकड्या रेघा असतात, ते टॅप करायचं कार्ड. आईबाबांना विचारून ते अंधारात हातात घ्या आणि त्याच्यामागे मोबाइलचा टॉर्च लावा. काही कार्डांत कडेकडेने गेलेली बारीक तारेची वेटोळी दिसतात. बॅटरी मात्र कितीही शोधा, सापडणार नाही. ती नसतेच मुळी!

मग आतली चिप चालते कशावर? दुकानातल्या मशीनच्या विजेवर! मशीनमधल्या तारेत वीज सेकंदाला तब्बल 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा मागेपुढे हेलकावते. त्यामुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्रही तसंच बदलत राहतं आणि जवळ आलेल्या कार्डाच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ही करामत मायकेल फॅरडेने 1831 मध्येच दाखवून दिली होती. गंमत अशी, की हे क्षेत्र मशीनपासून दूर जाताच झपाट्याने विरतं. कार्ड जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर असेल तरच चिपला पुरेशी वीज मिळते. लांब गेली की चिप उपाशी, आणि उपाशी चिप बोलत नाही!

बरं, चोर अगदी खेटून उभा राहिला तर? काही कार्डांचा नंबर आणि मुदतीची तारीख त्याला वाचता येईल, हे खरं आहे. पण पाठीवरचे तीन आकडे चिप सांगत नाही. शिवाय पैसे देताना ती आपल्या गुप्त किल्लीने दर वेळी एक नवाच संकेत तयार करते. चोरून ऐकलेला जुना संकेत पुन्हा वापरायला जाणं म्हणजे कालचं तिकीट आज कंडक्टरला दाखवणं! आणि खरंखुरं मशीन वापरलं, तर पैसे मशीनवाल्याच्या बँक खात्यात जातात. ते खातं कुणाचं, हे बँकेला ठाऊक असतं.

तरी खात्री हवी? कार्ड स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये नीट गुंडाळा आणि ओळखीच्या दुकानात मशीनवर टेकवून पाहा. मशीन ढिम्म! मग महागडं 'सुरक्षा पाकीट' कशाला घ्यायचं?

मला विचाराल तर व्हिडिओतल्या चोरापेक्षा हरवलेलं कार्ड जास्त धोक्याचं. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 5,000 रुपयांपर्यंतचं टॅप पिनशिवाय होऊ शकतं. ज्याला कार्ड सापडेल, तोही ते टॅप करू शकतो! म्हणून रिझर्व्ह बँकेने टॅपची सोय बंद-चालू करण्याची आणि मर्यादा कमी ठेवण्याची मुभा ग्राहकांना दिली आहे. आज आईबाबांना बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण शोधून द्या. आणि कार्ड हरवलंच, तर घरभर शोधाशोध करण्याआधी ते ब्लॉक करायला लावा!