प्राथमिक वर्गातील आर्थिक साक्षरतेचे पाठ : स्वयंसेवकांच्या पूर्वतयारीचा विचार

प्रास्ताविक

शिक्षकाखेरीज अन्य व्यक्तीने शाळेत जाऊन मुलांना पैशाच्या व्यवहाराचे धडे द्यावेत, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ या संस्थेचे स्वयंसेवक निरनिराळ्या व्यवसायांतून येतात आणि प्राथमिक वर्गांतही ठरावीक पाठ घेतात. भारतात रिझर्व्ह बँकेने लहान मुलांसाठी चित्रकथा काढल्या, तर २०१३ पासून राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र या क्षेत्रात काम करीत आहे. साहित्याची उणीव आता फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती ते साहित्य घेऊन वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तयारीची. बँकेत वीस वर्षे नोकरी केलेली व्यक्ती तिसरीच्या वर्गासमोर उभी राहिली, की तिच्या ज्ञानाचा मोठा भाग तेथे निरुपयोगी ठरतो. प्रस्तुत लेखात या तयारीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुलांच्या मनातील अर्थव्यवहार

स्वयंसेवकाने प्रथम जाणून घ्यावयाची गोष्ट म्हणजे, मूल हे लहान आकाराचे प्रौढ नव्हे. पहिली-दुसरीतील पुष्कळ मुलांना एका रुपयाची पाच नाणी ही दहाच्या एका नोटेपेक्षा जास्त वाटतात, कारण ती संख्येने जास्त दिसतात. दुकानदाराने परत केलेले सुटे पैसे ही त्याने दिलेली भेट आहे, असेही काही मुले मानतात. गुस्ताव जहोदा यांनी ग्लासगो येथील मुलांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. दुकानदार माल ज्या किमतीस विकतो त्याहून कमी किमतीस तो विकत घेतो, ही साधी बाब अनेक मुलांना उमगलेली नसल्याचे त्यात दिसून आले. नफ्याची कल्पनाच जेथे नाही, तेथे व्याजाची व्याख्या फळ्यावर लिहून काय साधणार? त्यातच आजचे मूल आईला मोबाइलवर चौकोनी खूण टिपताना पाहते आणि दुकानातील डबी रक्कम मिळाल्याचे बोलून दाखविते. नोट हातातून गेली म्हणजे ती संपली, हा पूर्वी आपोआप मिळणारा अनुभवही त्याला मिळेनासा झाला आहे.

या अज्ञानावर उपाय व्याख्यान हा नव्हे, कृती हा आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत भरणारा बाल आनंद मेळावा त्या दृष्टीने उत्तम साधन आहे. मात्र तेथे एक चूक हमखास होते. मूल दहा पेले सरबत प्रत्येकी दहा रुपयांस विकते आणि शंभर रुपये ‘नफा’ झाला म्हणून आनंदित होते. लिंबे, साखर व कागदी पेले यांचे साठ रुपये आईने दिलेले असतात, ते हिशेबात येतच नाहीत. स्वयंसेवकाने आदल्या दिवशी मुलाकडून खर्चाची यादी लिहून घ्यावी, घरातून आणलेल्या साखरेचीही किंमत मांडावयास लावावी आणि मेळावा संपल्यावर वजाबाकी त्याच्याकडूनच करवावी. शंभराचे चाळीस झालेले पाहून मूल क्षणभर हिरमुसते. आईच्या श्रमाचे पैसे कोठे धरले, असे एखादी चौथीतील मुलगी विचारते, तेव्हा स्वयंसेवकालाही थांबून विचार करावा लागतो. तो प्रश्न घाईने मिटवू नये.

शब्द जपून वापरणे

तयारीचा सर्वांत नाजूक भाग भाषेचा आहे. ‘खाऊच्या पैशांतून बचत करा’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते; पण ज्या मुलाला खाऊचे पैसे कधी मिळतच नाहीत, त्याला ते वर्गाबाहेर काढते. ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात व ती श्रमाने फेडतात. अशा घरातील मुलासमोर ‘शहाणी माणसे कर्ज काढीत नाहीत’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या आईबापांना चारचौघांत वेडे ठरविणे होय. ‘तुझे वडील किती कमावतात?’ हा प्रश्न तर कोणत्याही निमित्ताने विचारू नये. त्याऐवजी एक काल्पनिक कुटुंब घ्यावे, त्याची आठवड्याची मिळकत व गरजा फळ्यावर मांडाव्यात आणि निर्णय मुलांवर सोपवावेत. आजारपण आले तर हे कुटुंब काय करील, या प्रश्नातून भिशी, बचत गट, सावकार व बँक यांतील फरक सहजपणे पुढे येतो.

संशोधनातूनही सावधगिरीचा इशारा मिळतो. १९९१ मध्ये मुंबईत ज्याची बीजे रोवली गेली, तो ‘अफ्लातून’ हा सामाजिक व आर्थिक शिक्षणाचा कार्यक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. घानामधील १३५ शाळांत त्याची तुलना केवळ आर्थिक शिक्षण देणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाशी करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही कार्यक्रमांमुळे मुलांची शाळेतील बचत वाढली. परंतु केवळ आर्थिक धडे मिळालेली मुले, असे धडे न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, अधिक काम करू लागली. सामाजिक शिक्षणाची जोड असलेल्या गटात तसे आढळले नाही. दोन कार्यक्रमांतील हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही ‘पैसा साठवा’ या उपदेशाचा अर्थ मूल ‘पैसा कमवा’ असा लावू शकते, हे प्रशिक्षणात सांगणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष तयारी

स्वयंसेवकाने पहिल्या पाठापूर्वी त्याच वर्गातील किमान एक तासिका मागील बाकावर बसून पाहावी. मुले किती वेळ स्थिर बसतात, वर्गशिक्षक त्यांना कसे शांत करतात, एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात काय, हे त्यातून कळते. त्यानंतर पाठ टाचण लिहावे. एका तासिकेसाठी एकच उद्दिष्ट पुरेसे आहे. सहकाऱ्यांसमोर सराव पाठ घेताना त्यांनी विद्यार्थ्यांची भूमिका करावी आणि अडचणीचे प्रश्न मुद्दाम विचारावेत. पाठ चालू असताना वर्गशिक्षक उपस्थित असावेत. ही सोय शिस्तीसाठी तर आहेच, पण मुलांच्या सुरक्षिततेसाठीही आहे. आपल्या बँकेचे वा कंपनीचे नाव, चिन्ह व माहितीपत्रक दाराबाहेर ठेवावे.

नियमांची माहितीही अद्ययावत हवी. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेले मूल, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतः बचत खाते उघडून चालवू शकते. पाचवीतील अनेक मुलांना हे लागू पडते, तिसरीतील मुलांना नाही.

शेवटचा मुद्दा वर्गातील बचतीच्या डब्याचा. उत्साहाच्या भरात अनेक स्वयंसेवक तो सुरू करतात आणि चार-पाच पाठ झाल्यावर निघून जातात. डबा मागे राहतो, त्यात दीड-दोनशे रुपये असतात आणि त्यांचा हिशेब कोणाकडेच नसतो. डबा ठेवावयाचा असल्यास प्रत्येक मुलाच्या नावाची नोंदवही, नोंद करणारी दोन मुले, किल्ली सांभाळणारे शिक्षक आणि शाळा सोडणाऱ्या किंवा आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाचे पैसे त्याच दिवशी परत करण्याची व्यवस्था हे सारे पहिला रुपया टाकण्यापूर्वी ठरलेले असावे. तसे ठरत नसेल, तर डबा आणूच नये.