वॅटचा आकडा आणि सोन्याचा प्लग

महागड्या ध्वनियंत्रांच्या बाजारात दोन तऱ्हेचे दावे चालतात. काही मोजून पाहता येतात: ॲम्प्लिफायर किती वॅट देतो, डिस्टॉर्शन किती टक्के, स्पीकर कुठपर्यंत सपाट वाजतो. बाकीचे नुसतेच बोलायचे असतात: आवाज ‘ऊबदार’ आहे, ‘पडदा बाजूला झाल्यासारखा’ आहे. असल्या बोलण्यात खोटे पकडता येत नाही, म्हणून निर्मात्याची सचोटी मोजता येणाऱ्या दाव्यांवरच तपासावी लागते. बहुतेक गैरसमज या दोहोंच्या सरमिसळीतून आलेले आहेत.

सर्वांत रुळलेला गैरसमज वॅटचा. वॅट हे विजेचे एकक, तेव्हा खोक्यावर छापलेला आकडा खराच असणार, असे ग्राहक धरून चालतो. पण ते वॅट किती वेळ, किती ओहमच्या भारावर, किती डिस्टॉर्शनसह आणि किती चॅनेल एकदम चालवून मोजले, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. अमेरिकेत या मोकळिकीचा इतका गैरफायदा घेतला गेला, की फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला. जाहिरातीत सांगायची ती अखंड मिळणारी शक्ती, आणि ती मोजण्याआधी ॲम्प्लिफायर तासभर एक-तृतीयांश शक्तीवर चालवून तापवायचा. अट साधी दिसते, पण मोठी खोचक आहे. नेहमीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीपेक्षा अशा मधल्या पातळीवरच जास्त तापतो. हीट सिंकमध्ये काटकसर केली असेल तर ती इथे उघडी पडते. पुढे ही अट एक-अष्टमांशावर आणून सैल करण्यात आली. होम थिएटर आले तशी नवी पळवाट निघाली: पत्रकावर ‘७ × १०० वॅट’ छापायचे आणि मोजताना दोनच चॅनेल चालवायचे. २०२४ च्या दुरुस्तीने मोजमापासाठी ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि एक टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन अशी समान पातळी आखून दिली.

भारतात १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ नावाच्या फुगवलेल्या वॅटने धुमाकूळ घातला. प्लॅस्टिकच्या स्टिरिओच्या तोंडावर १००० वॅटचे स्टिकर असे, आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत वीजवापर ३०-४० वॅट. जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त सतत बाहेर काढणे कुठल्याच यंत्राला शक्य नाही. कपॅसिटरमध्ये साठलेला भार निमिषभर सोडून, किंवा सरळ कागदावर गुणाकार करून हे आकडे येत. पीएमपीओची सर्वमान्य व्याख्या कधी झालीच नाही.

खऱ्या वॅटबद्दलही एक चुकीची समजूत आहे. ५० ऐवजी १०० वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते.

केबलचा प्रांत तर गैरसमजांचे माहेरघर आहे. सोन्याचा मुलामा दिलेला प्लग वीज अधिक चांगली वाहून नेतो, ही समजूत मुळातच उलटी आहे: चांदी आणि तांबे ही दोन्ही सोन्याहून सरस वाहक आहेत. सोने गंजत नाही, एवढाच त्याचा गुण, आणि तो खरा आहे. स्पीकरच्या वायरचे गणित कोणालाही करता येते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या साध्या तांब्याच्या ५ मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याने होणारी घट एक-दशांश डेसिबललाही पोचत नाही. वायर फार लांब किंवा फार बारीक असेल तर फरक पडतो. त्यावर उपाय जाड वायर हाच, लाखाची वायर नव्हे.

किंमत जास्त म्हणजे आतली रचना वेगळी, हेही प्रत्येक वेळी खरे नसते. २०१० मध्ये लेक्सिकॉन या नामांकित कंपनीचा सुमारे ३,५०० डॉलरचा ब्लू-रे प्लेयर अमेरिकी परीक्षकांनी उघडला, तेव्हा आत ओप्पो कंपनीचा ५०० डॉलरचा प्लेयर त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट बसवलेला निघाला. बडा घर पोकळ वासा. इथे तर वासाही दुसऱ्याचा होता.

तरबेज कानाला सगळे कळते, या विश्वासाला मोठा धक्का बसला तो २०२२ मध्ये. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी मूळ मास्टर टेपवरून काढलेल्या महागड्या ग्रामोफोन तबकड्यांसाठी प्रसिद्ध. यातल्या अनेक तबकड्या कापण्याआधी टेपची डीएसडी पद्धतीने डिजिटल प्रत केली जात होती, आणि हे २०११ पासून सुरू होते, असे त्या वर्षी उघड झाले. डिजिटलचा ‘कोरडेपणा’ लगेच ओळखू येतो म्हणणारे रसिक याच तबकड्या अस्सल ॲनालॉगचा नमुना म्हणून जपत होते. कंपनीने ध्वनीत खोट केली नव्हती. डीएसडी प्रत उत्तम असते. खोट होती ती माहिती दडवण्यात. प्रकरण न्यायालयात गेले आणि सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले.

कान फसतो तो मुख्यतः डोळ्यांमुळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या नगांना वरचे गुण मिळाले. पडद्याआड ठेवल्यावर ती तफावत बरीच घटली. २००७ मध्ये बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण मध्येच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून फिरवले आणि फरक ओळखायला सांगितला. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे छापा-काट्याइतकीच. नंतरच्या एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर गेले. फरक असलाच तर इतका बारीक आहे.

यावरून महाग ते सगळे थोतांड, असा निष्कर्ष काढणे हाही गैरसमजच. मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड हीट सिंक, जुळवून निवडलेले स्पीकरचे ड्रायव्हर यांना खराच पैसा पडतो. चॅनेलला २५ वॅट देणारा क्लास ए स्टिरिओ ॲम्प्लिफायर गाणे थांबलेले असतानाही शंभर वॅटहून अधिक वीज खातो. त्याचे वजन आणि किंमत या उष्णतेतून येते. शिवाय मोजके नग काढणाऱ्या कारखान्यात साच्यांचा आणि चाचण्यांचा खर्च थोड्याच गिऱ्हाइकांवर पडतो.

इंग्लंडच्या हंटिंग्डनमधल्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर हे या दुसऱ्या, सचोटीच्या बाजूचे ठळक उदाहरण. १९५७ चा त्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही मापदंड मानला जातो. व्हॉल्व्हचा आवाज ट्रान्झिस्टरहून गोड, हा वाद तेव्हाही जोरात होता. १९७८ मध्ये क्वाडच्या तीन ॲम्प्लिफायरांची डोळ्यांआड तुलना झाली: १९५३ चा व्हॉल्व्हवरचा क्वाड टू, त्यानंतरचा ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि तेव्हाचा नवा ४०५. क्षमतेच्या मर्यादेत वाजवले असता श्रोत्यांना ते एकमेकांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे कंपनीचा नवा माल तिच्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालाहून ऐकायला वेगळा नव्हता, आणि हा निकाल छापून प्रसिद्ध झाला.