आत्याच्या बागेचे बारा महिने

ज्यांची मुले शिकायला किंवा नोकरीला बंगळूरला आहेत, त्यांना तिथले फुललेले रस्ते ठाऊक असतील. एका झाडाचा बहर ओसरतो, तोवर दुसऱ्याचा सुरू होतो. ही किमया जी. एच. क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाची मानली जाते. वर्षभर काही ना काही फुलत राहावे अशी झाडांची निवड करायची, हे त्यांचे सूत्र. १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात आले आणि लालबाग त्यांच्या हाती आली. त्याआधी १८९३ पासून ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मराठी राजाने आणलेला माळी कन्नड राजाने नेला, असे मी वर्गात गमतीने सांगते!

हेच सूत्र यंदा उन्हाळ्याच्या सुटीत बडोद्यालाच कामी आले. माझी आत्या लग्न होऊन निपाणीहून तिकडे गेली, त्याला पन्नास वर्षे होतील. शहराबाहेर एका खेड्यात काकांनी वीस गुंठे जागा घेऊन बाग केली होती. काका गेल्यावर तिथे गाजरगवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली. मुलगा परदेशात. ‘तिथं कुणी जात नाही, तर ठेवायची कशाला?’ हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. आत्याने त्याच्याकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली आणि मला फोन केला, ‘सुटी लागली की ये गं.’

गवत काढून झाल्यावर आम्ही नर्सरीत न जाता वही घेऊन बसलो. बारा महिने ओळीने लिहिले आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या झाडांची नावे मांडली. कुंपणाचा पळस, दोन बहावे, गुलमोहर, मोगऱ्याचे जाळे. म्हणजे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत नुसती लयलूट, आणि पुढचे पान कोरे. पुष्कळ बागांचे हेच दुखणे असते. आपण एका ठरावीक हंगामात नर्सरीत जातो आणि तेव्हा जे फुललेले दिसते तेवढेच घरी आणतो.

मग कोऱ्या महिन्यांसाठी झाडे ठरली. पावसाळ्यासाठी कदंब आणि सोनटक्का, आश्विनासाठी पारिजातक, दिवाळीच्या आगेमागे बूच, थंडीत कुंद, आणि माघात काटेसावर. काटेसावर पानझड होऊन फुलते, त्यामुळे तिची लाल फुले लांबूनही दिसतात आणि मधासाठी पाखरांची झुंबड उडते. बुचाला आत्या अजून ‘आकाशमल्लिगे’च म्हणते, बहाव्याला ‘कक्के’. शेजारीण त्यालाच ‘गरमाळो’ म्हणते. तीन भाषांत त्या दोघींचे झाडांवर तासन्‌तास बोलणे चाले. महिनेही शेजारणीनेच पक्के करून दिले, कारण आपल्याकडचा बहर आणि तिकडचा यांत काही आठवड्यांचा फरक पडू शकतो.

मातीचाही विचार करावा लागला. तिथली काळी माती पाणी धरून ठेवते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आत्याच्या बागेतही पाणी साचून राहिले होते. म्हणून पारिजातक उंचवट्यावर घेतला आणि सखल कोपरा सोनटक्क्याला दिला. एका संध्याकाळी सयाजीबागेत गेलो, १८७९ सालची ही बाग नदीकाठीच आहे. जुनी झाडे पाहिली की दोन रोपांत किती अंतर ठेवायचे ते पुस्तकापेक्षा लवकर कळते. आत्याने तिथे यादीतली चार नावे खोडली!

खरी अडचण मुदतीची होती. बूच, कदंब, काटेसावर फुलायला काही वर्षे घेतात आणि आमच्या हाती एकच वर्ष. म्हणून मोठ्या झाडांच्या मधल्या जागेत अबोली, झेंडू, तेरडा आणि शेवंती घेतली. झाडे वाढून सावली पडेल तशी ती आपोआप मागे सरतील. पहिल्या पावसानंतर रोपे लागली.

परवा आत्याचा फोन होता. सोनटक्क्याला पहिली फुले आली. मुलगा जानेवारीत येतो आहे. तेव्हा शेवंती भरात असेल, बूच जेमतेम कमरेएवढा. ती रोपे आत्याने फाटकाच्या अगदी जवळ लावून घेतली आहेत, दोन्ही बाजूंना एकेक.