मंगळावर जन्मणाऱ्याला कोण विचारणार?
दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरजवळ तळ टाकला आणि त्याचंच लष्कर हे शहर झालं. त्यातल्या दौलतगंजात वसलेल्या मराठी घरांना दख्खनची वाट परत धरता येत होती. मंगळावर जन्मलेल्या मुलाला पृथ्वीची वाट कितपत मोकळी असेल? तिथलं गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे 38 टक्के. त्यात माणसाचा गर्भ कसा वाढेल, हे कुणालाच ठाऊक नाही. मानवजात टिकावी म्हणून न जन्मलेल्यांना पणाला लावावं का, हा खरा पेच. मानवजात टिकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पृथ्वीवर आदळू शकणारे लघुग्रह वळवणं: 2022 मध्ये नासाच्या डार्ट यानाने धडक देऊन डायमॉर्फस या लघुग्रहाची कक्षा बदलली. माझ्या मते आधी पैसा अशा बचावावर लागावा.